श्टुटगार्टमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी: पहिलं वर्ष

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा गावांहून कितीतरी मराठी कुटुंबं श्टुटगार्ट आणि आसपासच्या ब्योब्लिंगन, झिंडलफिंगन, एस्लिंगन या गावांत येऊन राहतात. कुणाला मोटारींच्या कारखान्यांनी आणलेलं असतं, कुणाला सॉफ्टवेअरने, कुणाला विद्यापीठाने. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरं, त्यामुळे भारतीय माणूस इथे नवखा नाही. तरी प्रत्येक नवं कुटुंब तेच प्रश्न घेऊन येतं. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या कुटुंबांनी त्या प्रश्नांना दिलेली उत्तरं एकत्र करून हे टिपण तयार केलं आहे.

त्या सगळ्यांच्या सांगण्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एक, इथली कामं अवघड नाहीत, पण त्यांना क्रम आहे आणि मुदत आहे. दुसरी, नोकरी घरातल्या एकाची असली तरी देश सगळं घर बदलतं. पहिली गोष्ट पाळली की कागद मार्गी लागतात. दुसरी लक्षात ठेवली की माणसं मार्गी लागतात.

निघण्यापूर्वी: नावं जुळवून घ्या

आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एकाच रकान्यात येतात आणि जर्मन कचेरी ती दोन्ही तुमचीच नावं धरते. एवढ्याने काही बिघडत नाही. खरी अडचण येते लग्न झालेल्या बायकांच्या कागदांत. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर स्पेलिंग वेगळं. मूल इथे जन्मलं की जन्म नोंदवणारी कचेरी, म्हणजे श्टांडेसआम्ट, आई-वडील दोघांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला मागते. नावांत फरक दिसला की बाळाचा जन्मदाखला अडून राहू शकतो, आणि त्यामागे बाळाचा पासपोर्टही. ही दुरुस्ती महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत समोर उभं राहून करता येते. इथून फोनवर तीच करवून घेताना घरच्यांना हेलपाटे घालावे लागतात. म्हणून सगळ्यांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला इंग्रजीसह नव्याने काढून घ्या, एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि मूळ प्रती बरोबर आणा. जर्मन भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घेता येतं.

मुलांचं लसीकरणाचं कार्ड विसरू नका. मार्च २०२० पासून इथे पाळणाघरात किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवर-प्रतिबंधक लशीचा पुरावा द्यावाच लागतो.

सामानात तूप, पेढे, खवा भरू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. गोडा मसाला, मेतकूट, कोकम खुशाल आणा.

पहिले पंधरा दिवस: पत्ता आणि टपालपेटी

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाने सही केलेलं, तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र लागतं. नुसता भाडेकरार पुरत नाही. तात्पुरतं घर घेतानाच हे पत्र मिळणार का, ते विचारून घ्या. पुढचं बरंचसं या नोंदीवर चालतं. ११ आकडी कर क्रमांक त्या पत्त्यावर टपालाने येतो, आणि पगारातून योग्य तेवढाच कर कापला जावा म्हणून कंपनीला तो लागतो.

आणि हे टपाल येण्यासाठी टपालपेटीवर तुमचं आडनाव हवं. इथल्या इमारतींत फ्लॅटला क्रमांक असेलच असं नाही. पोस्टमन दारावरची आणि पेटीवरची नावं वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्हाला कळतही नाही. त्यात बँकेचं कार्ड असतं, विम्याचं कार्ड असतं. घराची किल्ली हातात आली की त्याच दिवशी जाड कागदावर ठळक रोमन अक्षरांत आडनाव लिहून पेटीवर लावा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. पेटी रोज उघडा. आलेल्या प्रत्येक पत्रावर मुदत कुठे लिहिली आहे ते आधी शोधा.

व्हिसाची मुदत संपायच्या कितीतरी आधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत वास्तव्य परवान्याचा अर्ज करा, कारण तिथे वेळ मिळायला फार दिवस लागतात. परवान्याचं कार्ड येईपर्यंत फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद देतात. त्याचे प्रकार आहेत, आणि त्यातल्या काहींवर देशाबाहेर गेलात तर परत प्रवेश मिळत नाही. भारताचं तिकीट काढण्याआधी आपल्या कागदावर कुठल्या कलमापुढे खूण आहे ते कचेरीतच विचारून घ्या.

घर आणि विमा

जाहिरातीतलं थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. त्यात पाणी, कचरा, जिन्याचा दिवा, बहुधा हीटिंगही मिळवलं की गरम भाडं होतं. वीज आणि इंटरनेट वेगळं. हिशेब गरम भाड्याचा करा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. पुष्कळ घरं स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय, अगदी दिव्यांशिवाय मिळतात. किल्ली घेताना भिंतीवरचा ओरखडा आणि फरशीवरचा डाग टिपणात नोंदवून घ्या, फोटो काढा. घर सोडताना अनामत याच टिपणावर परत मिळते.

आरोग्य विम्यात तरुण, एकट्या माणसाला खाजगी विमा स्वस्त दिसतो. सार्वजनिक विम्यात मात्र न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. खाजगीत माणशी हप्ता, आणि तिथून परत सार्वजनिकात येणं कठीण. कुटुंब आणणार असाल तर घाईने सही करू नका. दुसऱ्याच्या वस्तूचं किंवा शरीराचं आपल्या हातून झालेलं नुकसान भरून देणारा हाफ्टफ्लिष्ट विमा पहिल्याच महिन्यात घ्या. वर्षाला थोडक्या युरोंत तो सगळ्या घराला पुरतो. घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे. तिचं पत्र येतं तेव्हा ती फसवणूक समजून फेकू नका.

रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, पोलिसांसाठी ११०. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही, तर ११६ ११७. तीनही नंबर फ्रिजवर लावा.

शेजार: केअरवोखे, कचरा, शांतता

या भागात केअरवोखे नावाची पद्धत आहे. तुमच्या दाराच्या मुठीला एखाद्या सोमवारी एक छोटी पाटी लटकलेली दिसेल. म्हणजे या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून घ्यायची पाळी तुमची. मोठी पाळी असेल तर तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि इमारतीपुढचा फुटपाथही. हिवाळ्यात बर्फ साचला की फुटपाथ सकाळी लवकर मोकळा करून खडी टाकायची, कारण कुणी घसरून पडलं तर जबाबदारी पाळीवाल्यावर येऊ शकते. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. भाडेकरारात हे लिहिलेलं असतं. जिना स्वच्छ दिसत असला तरी पाळी टाळू नका. शनिवारी सकाळी बादली घेऊन जिन्यात उतरलात की वरच्या मजल्यावरच्या आजी थांबून चार शब्द बोलतात. आमच्यापैकी अनेकांची पहिली शेजारओळख अशीच झाली.

कागद, ओला कचरा, वेष्टनं आणि उरलेला कचरा वेगळा. काचेच्या बाटल्या रंगानुसार रस्त्यावरच्या टाक्यांत, पण रविवारी आणि रात्री नाही. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट ठेव असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. रविवारी ड्रिल आणि ठोकाठोक नाही. रविवारी दुकानंही बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा. गणपतीच्या आरतीला पाहुणे बोलावणार असाल तर जिन्यात आठवडाभर आधी चिठ्ठी लावा आणि शेजाऱ्यांनाही प्रसादाला बोलवा.

फोडणी आणि कुकरच्या वाफेमुळे हिवाळ्यात भिंतींना बुरशी धरते. दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. तिरप्या उघड्या खिडकीचा उपयोग नाही. बुरशीचा खर्च भाडेकरूकडून मागितला जाऊ शकतो.

मुलं

वर्षाच्या मुलापासून पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण प्रत्यक्षात रांग लांब असते. पत्त्याची नोंद झाली की लगेच नाव घाला. मुलांसाठीचा सरकारी भत्ता, किंडरगेल्ड, अर्ज केल्याशिवाय मिळत नाही आणि मागचा जास्तीत जास्त सहा महिन्यांचाच देतात. शाळा सक्तीची आहे. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी मुलाला भारतात नेऊ नका; शाळेच्या परवानगीशिवाय गैरहजर राहिल्यास दंड होतो. चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. ही व्यवस्था तिसरीतच शिक्षकांकडून समजून घ्या. घरात मराठीच बोला. जर्मन मुलं शाळेत आणि खेळाच्या मैदानावर शिकतातच.

बरोबर आलेला जोडीदार

कंपनीत जाणाऱ्याला सहकारी मिळतात, इंग्रजी चालते, दिवस भरलेला असतो. घरी राहणाऱ्याच्या वाट्याला कुलूपबंद दारांची इमारत आणि डिसेंबरात साडेचारला पडणारा अंधार येतो. पुण्यात दहा वर्षं नोकरी केलेली बाई इथे पहिल्या हिवाळ्यात अबोल होते, हे आम्ही अनेक घरांत पाहिलं आहे. त्यामुळे पहिल्या वर्षाचा घरखर्च मांडताना जोडीदाराचा भाषेचा वर्ग त्यात आधी लिहा. मुलाला सांभाळण्याची वेळ वाटून घ्या, म्हणजे वर्ग चुकणार नाही. ब्लू कार्ड हा नोकरीसाठीचा वास्तव्य परवाना असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनचा दाखला लागत नाही आणि आल्यापासून कुठलंही काम करता येतं. व्हिसाला दाखला लागत नाही म्हणून भाषा टाळू नका. पुण्यात असाल तर मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये निघण्याआधीच सुरुवात करा. इथे आल्यावर फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे लोकविद्यालयात, परवडणाऱ्या फीत वर्ग असतात. ब्लू कार्डवर ए-१ पातळीच्या जर्मनसह २७ महिन्यांत, बी-१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. तरी भाषेचा मोठा लाभ रोजचा आहे: डॉक्टरला दुखणं सांगता येतं, शाळेच्या पालकसभेत प्रश्न विचारता येतो.

मराठी मंडळात जरूर या. पण सगळा शनिवार-रविवार आपल्याच माणसांत घालवू नका. गावच्या क्रीडामंडळात, गायनवृंदात किंवा पोहण्याच्या वर्गात एक दिवस ठेवा.

आई-वडील आणि तिकडचं घर

आई-वडिलांना आणायचं तर मे ते सप्टेंबर. प्रवास-विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यांच्या औषधांची मूळ घटकांच्या नावांसह डॉक्टरची चिठ्ठी आणि पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर असू द्या. त्यांना बसचं तिकीट काढायला आणि घरचा पत्ता सांगायला शिकवा, म्हणजे ते दिवसभर घरात कोंडून राहणार नाहीत.

भारतातलं बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्या. कायद्याने ते आवश्यक आहे. भारतीय वाहन परवाना इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

स्वयंपाकघर

तूरडाळ, पोहे, साबुदाणा भारतीय दुकानांत. मेथी, भेंडी, कोथिंबिरीच्या जुड्या तुर्की दुकानांत. चक्क्याऐवजी इथलं क्वार्क फडक्यात तासभर बांधून ठेवा, श्रीखंड उत्तम होतं.

नियम आणि रकमा बदलतात, म्हणून प्रत्येक अर्जाआधी त्या कचेरीची ताजी माहिती वाचा. अडलात तर पहिल्याच दिवशी विचारा, मुदत उलटल्यावर नाही. आणि पुढच्या वर्षी तुमच्या इमारतीत नवं मराठी कुटुंब आलं, तर टपालपेटीवर नाव लावायचं त्यांना तुम्ही होऊन सांगा.