मासे शोधणारं यंत्र : स्वस्तातलं घ्यायचं तर काय बघायचं?



वर्गात प्रतिध्वनी शिकवत होते. धरणाकडच्या वस्तीवरून येणाऱ्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, माझे चुलते होडीला लावायचं मासे दाखवणारं मशीन घेणारेत. त्यात खरंच मासे दिसतात का?" चुलत्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून पैसेही बाजूला काढले होते. काही हजारांचा मामला. मासेमारीवर घर चालतं तिथे ही रक्कम छोटी नसते. म्हणून त्या दिवशी पाठ तिथेच थांबवला आणि हे यंत्र समजून घेतलं.

आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही. पण परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव आहे, लोहारा तालुक्यात माकणीचं निम्न तेरणा धरण आहे. आपण विचार करायचा तो अशा धरणांच्या पाण्याचा. व्हिडिओत मात्र बहुतेक वेळा समुद्र किंवा परदेशातली मोठी तळी असतात.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. पाण्यात बुडवलेला एक छोटा भाग खाली ध्वनी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. नववीच्या विज्ञानात जे सोनार येतं, तेच हे. आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र साधारण २,००,००० हर्ट्झचा, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी वापरतं. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. समजा प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परत आला. १५०० × ०.०२ = ३० मीटर. पण हे जाऊन-येऊन अंतर झालं, म्हणून खोली १५ मीटर. मुलं २ ने भागायला हमखास विसरतात!

मग मासा कसा कळतो? बहुतेक माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जोरात परततो. जपानच्या फुरुनो कंपनीने १९४८ मध्ये मासेमारीसाठी असं यंत्र बाजारात आणलं, ते याच गुणधर्माच्या जोरावर. पण हवेचे बुडबुडे, पाणवनस्पती, बुडालेल्या फांद्या यांच्यावरूनही ध्वनी परततो. स्वस्त यंत्र यातल्या कशावरही माशाचं चित्र काढून मोकळं होतं. म्हणून यंत्र घेतलं की आधी माशाच्या चित्राची सोय बंद करायची आणि साध्या रेषा वाचायला शिकायचं. पडद्यावर उजवीकडे 'आत्ताचं' असतं, डावीकडे 'होऊन गेलेलं'. होडी उभी असेल आणि खाली मासाही थांबलेला असेल तर लांबच लांब रेघ येते. लोकांना वाटतं, केवढा मोठा मासा!

आता खरी मेख. ध्वनी खाली जाताना भोंग्यासारखा पसरतो. २० अंशाचा कोन असेल तर दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी खोलीच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे ९ मीटर खोलीवर ३ मीटर, पण २ मीटरवर जेमतेम ७० सेंटिमीटर. ६० अंशाचा कोन असेल तर रुंदी खोलीपेक्षा थोडी जास्त भरते. आता आपले मासे आठवा. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. वरच्या थरात यंत्राची नजर सगळ्यात अरुंद, त्यामुळे होडीखालून जाणारा एखादा कटला दिसला तर नशीब. त्यातून होडीची चाहूल लागून तो बाजूला झालेला असतोच.

मग घेऊच नये का? माझं मत असं, की मासे बघायला घेऊ नये, तळ बघायला घ्यावं. धरणाखाली जुन्या विहिरी, बांध, बाभळीची खोडं बुडालेली असतात. त्यात जाळं अडकून फाटलं की दिवसाची कमाई जाते. खोली कुठे एकदम वाढते, तळ कुठे टणक, कुठे गाळाचा, हे साधं यंत्रही बऱ्यापैकी सांगतं. टणक तळाची रेघ ठळक येते, गाळाची फिकी.

त्या दृष्टीने बघितलं तर शेकडो मीटर खोलीचा दावा आपल्या कामाचा नाही. उलट कमीत कमी किती खोलीवर चालतं ते विचारा, कारण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तेच लागतं. भर उन्हात पडदा दिसायला हवा. दुकानातल्या सावलीत सगळेच पडदे छान दिसतात. फोनला वायफायने जोडायचा तरंगता गोळाही मिळतो, पण ओल्या हातात फोन सांभाळत जाळं कोण टाकणार? थर्माकोलच्या तराफ्यावर वायरचं, हातात धरायचं यंत्र बरं. होडीला कायमचं बसवायचं असेल तर १२ व्होल्टची बॅटरी लागते. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी चालते. यंत्र अर्धा अँपिअर घेत असेल तर हिशोबाने १६ तास, पण बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, म्हणून ८ तास धरा. मध्ये फ्यूज हवाच.

आणि बादलीत तपासू नका, तेवढ्या कमी खोलीत ते गोंधळतं. त्याऐवजी दोरीला दगड बांधा, दर मीटरला गाठ मारा, धरणात चार ठिकाणी खोली मोजा आणि यंत्राशी ताडून बघा. यंत्र मीटर दाखवतंय की फूट, तेही आधी बघून घ्या.

त्या मुलाच्या चुलत्यांनी सध्या दोरीच घेतली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या विहिरी आणि खोडांच्या जागा फोनच्या नकाशात साठवायच्या, असं त्यांनी ठरवलंय. यंत्राचं पुढच्या हंगामात बघू म्हणाले.

घरी सोडवा : प्रतिध्वनी ०.०१२ सेकंदात परत आला, तर खोली किती? तिथे २० अंशाच्या कोनाचं यंत्र तळाचा किती रुंद भाग बघेल? वहीत आकृती काढून आणा.