बाबू, वाद घालणं सोडू नकोस

फोंडा, गोवा
श्रावण वद्य तृतीया

चि. बाबूस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. वक्तृत्व स्पर्धेत तुला पहिलं बक्षीस मिळालं हे तिने आधी सांगितलं आणि मग आवाज खाली आणून तू काय बोललास ते सांगितलं. पोर्तुगालच्या सालाझारवर बोललास. खेड्यातल्या साध्या घरातला मुलगा, कोइंब्रा विद्यापीठातला प्राध्यापक, पैशाला शिवला नाही, देशाचा हिशेब सावरला, महायुद्धापासून देशाला लांब ठेवलं. आणि शेवटी म्हणालास की आपल्यालाही असाच एक माणूस हवा, रोजच्या वादावादीत देशाचा वेळ फुकट जातो. टाळ्या पडल्या म्हणे.

मला रात्री झोप लागली नाही. भाऊंचा नातू हे बोलला!

तू सांगितलंस त्यातलं काही खोटं नाही, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. सालाझार राहायचा साधा, बंगल्याच्या परसात कोंबड्या पाळायचा, त्याने स्वतःचं घर भरलं नाही. पण हा माणूस वर चढला कसा, ते तू व्यासपीठावर सांगितलंस का? 1910 साली पोर्तुगालचा राजा गेला आणि पुढच्या सोळा वर्षांत चाळीसच्या वर सरकारं आली नि गेली. लोक विटले. 28 मे 1926 ला लष्कराने सत्ता घेतली, पण सेनापतींना तिजोरी काही सांभाळता येईना. त्यांनी प्राध्यापकाला बोलावलं. हवे ते अधिकार मिळेनात म्हणून तो दोनेक आठवड्यांत परत गेला. 1928 च्या एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा त्याने अट घातली: माझ्या मंजुरीशिवाय कुठल्याही खात्याने खर्च करायचा नाही. त्यांनी मान्य केलं. पंतप्रधान तो 1932 साली झाला, पण राज्य त्याच्या हाती गेलं ते त्या दिवशी. त्याने काही हिसकावून घेतलं नाही. दमलेल्या लोकांनी आपण होऊन दिलं.

सूत्रं हाती घेताना तो काय म्हणाला, ठाऊक आहे? देशाने अभ्यास करावा, तक्रार करावी, चर्चा करावी; पण आज्ञा द्यायची वेळ आली की देशाने ऐकावं. हाच माणूस 1921 मध्ये संसदेवर निवडून गेला होता. एक दिवस बसला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. वाद त्याला सोसतच नसे. तुझ्या भाषणाचा शेवट ऐकला आणि मला हे आठवलं, बाबू. तुलाही आता वाद सोसेनासा झालाय का? खरं सांग.

1933 साली त्याने राज्यघटनेवर कौल घेतला आणि जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मतं होकारात धरली. मग वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, गुप्त पोलीस, 1936 पासून केप व्हर्दमध्ये ताराफालची छावणी. एवढ्या हिशेबी माणसाच्या राज्याचा हिशेब विचारायची सोय मात्र कुणाला राहिली नाही. 1958 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जनरल देल्गादो त्याच्या राजवटीविरुद्ध उघड उभा राहिला, लोक रस्त्यावर आले; तर पुढच्या वर्षी ती थेट निवडणूकच काढून टाकली. 1965 मध्ये त्याच्या पोलिसांनी देल्गादोचा स्पेनच्या हद्दीत खून केला. पहिल्याच वर्षी अंदाजपत्रक शिलकी झालं हे खरं, पण चाळीस वर्षांनी तिथे सुमारे चौघांतल्या एकाला लिहिता-वाचता येत नव्हतं, हेही खरं. हे तुझ्या भाषणात यायला हवं होतं.

आणि आपला गोवा? 1930 च्या वसाहत कायद्याने आपल्याला खालच्या पायरीवर बसवलं. मिनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी पणजीच्या सरकारी कौन्सिलात उठून त्याविरुद्ध ठराव मांडला. भर दरबारात वाद घातला त्या माणसाने. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना पार पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. मोहन रानडे सांगलीकडचे, इथे मराठी शिकवायला आलेले. 1955 मध्ये पकडले गेले आणि सुटले 1969 च्या जानेवारीत. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी ते लिस्बनजवळ कोठडीतच होते. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी केवढी धडपड केली, हे तुमच्या पुण्यातल्या जुन्या माणसांना विचार.

एवढं लांबचं नको असेल तर आपल्या घरातलं सांगते. आजीच्या पेटीत तिच्या लग्नपत्रिकेचा खर्डा आहे. तू लहानपणी पाहिलायस, पण तेव्हा तुला त्यातली गणपतीची चित्रंच आवडायची. तेव्हा लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून आणावी लागे. खर्ड्याच्या कोपऱ्यात गोल जांभळा शिक्का आहे, आणि निमंत्रकांच्या नावांत दोघांपुढे लाल पेन्सिलीची फुली. 18 जून 1946 ला लोहिया मडगावात बोलले तेव्हा ते दोघे तिथे होते. ती नावं गाळून पत्रिका छापली. भाऊंचे सख्खे मामा होते त्यातले एक. स्वतःच्या भाच्याच्या लग्नात त्यांचं नाव नाही! पुढे भाऊंनाही नेलं, ते तुला माहीत आहे. चामड्याच्या पट्ट्याचे वळ त्यांच्या पाठीवर शेवटपर्यंत होते.

आता तुला एक सांगते, तुझ्या बाबांशीही कधी बोलले नाही. भाऊ तुरुंगात कुणापुढे वाकले नाहीत, पण घरात त्यांच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे. मला धारवाडला जाऊन इतिहास घेऊन एम. ए. करायचं होतं. कर्नाटक विद्यापीठाचा फॉर्म आणून ठेवला होता. भाऊ म्हणाले, ‘बी. एड. कर, इथेच शाळेत लाग.’ मी ‘बरं’ म्हटलं. आई दारामागे उभी होती, तीही काही बोलली नाही. शाळेने मला पुष्कळ दिलं, माझी तक्रार नाही. पण निदान एकदा तरी वाद घालायला हवा होता, असं अजून वाटतं. कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. माणूस मोठा होता, चांगला होता, आणि तरीही त्याला उलट विचारणारं घरात कुणी हवं होतं. चांगल्या माणसाला तर ते जास्तच हवं असतं.

म्हणून तू लहानपणी पाटावर बसून भाऊंना ‘का पण?’ म्हणायचास तेव्हा मला केवढा आनंद व्हायचा! भाऊ चिडायचे आणि मग उत्तर द्यायचे. आम्हा कुणाला त्यांनी कधी दिलं नव्हतं. आणि आता तूच म्हणतोस, वाद नको.

सालाझारचा शेवट तुझ्या भाषणात होता का? 1968 मध्ये खुर्चीवरून पडला, मग मेंदूत रक्तस्राव झाला, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या जागी कायतानो आला. भोवतालच्यांनी ते त्याला सांगितलंच नाही. आपणच पंतप्रधान आहोत अशा समजुतीत तो 1970 च्या जुलैत गेला. चाळीस वर्षं ज्याने कुणाला उलट बोलू दिलं नाही, त्याला शेवटी खरं सांगणारं एक माणूस उरलं नाही. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये.

फार बोलले ना? तुझं वय विटण्याचं नाही, पण रोज बातम्यांत जे दिसतं त्याने कुणीही विटेल, हे मला कळतं. 2007 मध्ये पोर्तुगालच्या टीव्हीवर प्रेक्षकांनी सगळ्यात थोर पोर्तुगीज म्हणून सालाझारलाच निवडलं. ज्यांनी भोगलं त्यांच्या देशाची ही गत, तिथे तू तर एकवीस वर्षांचा. तू दुष्ट नाहीस, दमला आहेस. अभ्यास, खोली, मेसचं जेवण, त्यात नोकरीची चिंता. हे मला आधी विचारायला हवं होतं, नाही का?

बक्षीस मिळालं त्याचा आनंद आहेच. आईने पाठवलेली तुझी चित्रफीत मी आवाज बंद करून दोनदा पाहिली. हात अगदी भाऊंसारखे हलवतोस. गळ्याची हाडं मात्र दिसायला लागलीत, नीट जेवत जा.

चवथ आली पंधरा दिवसांवर. सुटी मिळत नसेल तर दोनच दिवस ये, गाडीभाडं मी पाठवते. नेवऱ्या तू आल्यावरच तळीन, गरम लागतात तुला. माझं हे सगळं पटलं नसेल तर पत्राने कळवू नकोस. इथे ओसरीवर बस आणि माझ्याशी भांड. मीही सोडणार नाही. हरलास तरी जेवायला वाढीन आणि जिंकलास तर दोन नेवऱ्या जास्त.

आईला उद्या फोन कर, ती घाबरली आहे.

तुझी,
आत्या