यंत्रे थोडी, रोगी फार

वैद्याने रोग्याचे हित पाहावे, ही शिकवण फार जुनी आहे. मग जैवनीतिशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच का उदयास आली? अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी घडलेल्या एका प्रकरणावरून याचे उत्तर मिळते.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील दूषित द्रव्ये बाहेर पडत नाहीत व रोगी दगावतो. रक्त शुद्ध करणारे यंत्र पूर्वीच तयार झाले होते. परंतु ते जोडताना दरवेळी नवी रोहिणी व नवी नीला उघडावी लागे. त्यामुळे दीर्घकाळ उपचार करणे अशक्य होते. १९६० साली डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोग्याच्या हातात कायम राहू शकेल अशी टेफ्लॉनची नळी बसविली, आणि मरणाच्या दारातील माणसे वर्षानुवर्षे जगू लागली.

पेच निर्माण झाला तो येथेच. १९६२ साली तेथे उपचारकेंद्र उघडले. पण खाटा मोजक्या आणि खर्च अफाट! डॉक्टरांनी उपचारास योग्य ठरविलेल्या रोग्यांतूनही निवड करणे भाग पडले. हे काम सात नागरिकांच्या समितीकडे सोपविण्यात आले. तीत वकील, धर्मोपदेशक, गृहिणी, कामगारपुढारी असे लोक होते. त्यांची नावे गुप्त असत. रोग्याचे वय, मिळकत, शिक्षण, मुलेबाळे, एवढेच नव्हे तर चर्चमधील सहभागही विचारात घेतला जाई.

त्याच वर्षी 'लाइफ' नियतकालिकातील शाना अलेक्झांडर यांच्या लेखाने ही हकीकत सर्वांपुढे आली व वाद माजला. सदस्यांच्या सद्हेतूविषयी शंका नव्हती. पण त्यांची मोजपट्टी त्यांच्याच वर्गाची होती. एकट्या, बेकार वा चाकोरीबाहेर जगणाऱ्या माणसाच्या प्राणाचे मोल कमी मानायचे काय? केवळ सद्हेतू पुरेसा नाही, नियम उघड व न्याय्य हवेत, हा विचार येथून बळावला. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत अशा बहुतेक रोग्यांचा खर्च शासनाने उचलला आणि खाटांसाठी माणसे निवडण्याची वेळ टळली.

आपल्याकडे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आरंभी महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत लागू झाला. पुढे कर्नाटकानेही तो स्वीकारला. दाता जवळचा नातेवाईक नसेल तर येथेही समितीची संमती लागते. मात्र ही समिती रोग्याची लायकी मोजत नाही. दाता स्वखुशीने देतो आहे की पैशापायी, हे ती तपासते. सिअ‍ॅटलच्या समितीहून तिचे वेगळेपण आहे ते हेच.