समजीविता : आपल्या घराचा जमाखर्च



धम्म स्वीकारल्यावर आपण घरातले देव्हारे काढले. त्रिशरण-पंचशील मुलांनाही पाठ झाले. पण महिनाअखेर आली की दुकानदाराची उधारी तशीच आणि सावकाराचे व्याजही तसेच. मग वंदनेनंतर कोणीतरी हळूच विचारतो, "गुरुजी, धम्मात पोटापाण्याचे काही सांगितले आहे की नाही?" हा प्रश्न नवा नाही. एका गृहस्थाने तो खुद्द तथागतांनाच विचारला होता. आजचा धडा त्यावर आहे.

दीघजाणूचा प्रश्न

अंगुत्तर निकायात ही हकीकत आहे. कोलियांच्या गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला. आम्ही बायकामुलांत राहणारी, पैशाचा व्यवहार करणारी माणसे. आमचे या जन्मी कल्याण कशाने होईल ते सांगा, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला घर सोडायला सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे कष्टाने आणि कौशल्याने कमावणे. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे कमावलेले राखणे. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्यांची संगत. चौथी समजीविता, म्हणजे आवक आणि जावक ओळखून बेताने जगणे.

समजीवितेसाठी दृष्टांत तराजूचा आहे. तराजू धरणाऱ्याला कोणते पारडे किती झुकले हे नेमके कळते. तसे गृहस्थाला आपली मिळकत किती आणि खर्च किती, हे कळले पाहिजे. मिळकत थोडी असून थाटात राहणे चूक, आणि मिळकत असून उपाशीपोटी पैसा गाडून ठेवणे हीही चूकच. म्हणजे धम्म कंजूषपणा शिकवत नाही, मोजायला शिकवतो.

दुसरा दृष्टांत तळ्याचा आहे. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार. येण्याच्या वाटा बुजवल्या, जाण्याच्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तळे आटणारच. संपत्ती जाण्याच्या चार वाटा म्हणजे बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती शीलाची आहे, तशीच घराच्या तिजोरीचीही आहे.

भिंतीवरच्या रेघा

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी गावातल्या एकाकडून दहा हजार रुपये घेतले होते. व्याज दरमहा शेकडा पाच. मायला अक्षरओळख नव्हती. व्याजाचे शंभर रुपये दिले की ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. घर सारवताना तेवढी भिंत ती सोडून देई.

मी सातवीत होतो तेव्हा तिने मला त्या रेघा मोजायला सांगितल्या. १२० भरल्या. म्हणजे बारा हजार रुपये देऊन झाले होते. मायला वाटले, कर्ज फिटून वर दोन हजार गेले. मी वहीवर गणित मांडले. दहा हजारांवर महिन्याचे व्याज ५०० रुपये, दोन वर्षांचे १२,०००. मुद्दल जसेच्या तसे उभे होते! त्या माणसाने हिशेबात खोट केली नव्हती. हिशेबच तसा होता, आणि कर्ज घेण्याआधी तो आमच्या घरात कोणी केला नव्हता.

त्या रात्री वडील एवढेच म्हणाले, "उद्यापासून रोज लिही." कर्ज फिटायला आणखी तीन वर्षे लागली. पण त्या तीन वर्षांत नवे कर्ज झाले नाही.

अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना भगवंतांनी एक सुख सांगितले आहे : अनणसुख, म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख. ते किती मोठे असते, हे मी मायच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

वही कशी ठेवावी

शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. रात्री वंदना झाली की दहा मिनिटे सर्वांनी बसावे. दिवसभरात गेलेला प्रत्येक रुपया, मोबाईलवरून दिलेलासुद्धा, तारखेसह लिहावा. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावे. नवरा-बायको दोघांनीही आपापला खर्च सांगावा. नवऱ्याने स्वतःचा खर्च लपवायचा आणि बायकोकडे मिठामिरचीचा जाब मागायचा, हा हिशेब नव्हे. रविवारी बेरीज करावी.

दोन महिने असे लिहिले की पुढच्या महिन्याचा अंदाज आपोआप मांडता येतो. समजा, नवऱ्याची मजुरी १२,००० आणि बायकोच्या धुण्याभांड्याचे ६,०००, मिळून १८,००० रुपये. त्याची मांडणी अशी होऊ शकेल :

किराणा, भाजी, दूध : ७,०००
घरभाडे : ३,०००
गॅस व वीज : १,८००
मुलांचे शिक्षण : २,०००
औषधपाणी : ८००
प्रवास व मोबाईल : १,२००
कपडे, पाहुणे, सण : ४००
कर्जफेड किंवा बचत : १,५००
धम्मदान : ३००
एकूण : १८,०००

आकडे प्रत्येक घरी वेगळे येतील. पण बचतीचा आणि शिक्षणाचा पैसा पगाराच्या दिवशीच बाजूला काढावा. उरल्यावर काढू म्हटले की उरत नाही.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगात आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. मजुरी करणाऱ्याला चौथा भाग शिल्लक टाकणे कठीण, हे मी जाणतो. शंभर रुपयांनी सुरुवात करा. पोस्टात आवर्ती खाते तेवढ्यावरही उघडते. मजुराचा उद्योग म्हणजे त्याची हत्यारे, त्याची सायकल आणि मुलांचे शिक्षण. तिथे घातलेला रुपया वाया जात नाही.

गळती कुठे आहे?

वही लिहू लागलात की गळती दिसते. तंबाखूची पुडी आणि टपरीवरचा चहा मिळून रोजचे ४० रुपये धरले, तर वर्षाचे १४,६०० होतात. दुसरी गळती मोठेपणाची. देवाला बकरे कापणे आपण सोडले, श्राद्ध सोडले. ते पैसे वाचायला हवे होते. पण हळदीला डीजे आला, लग्नाला व्याजाने काढलेला हॉल आला! बौद्ध विवाहविधीला वधूवर, दोन पुष्पहार, मेणबत्त्या आणि आप्तेष्ट एवढे पुरते.

कर्ज घेणे भागच असेल तर आधी बँक, पतसंस्था किंवा बायकांचा बचत गट पाहावा. दर महिन्याचा सांगितला तर बाराने गुणावा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला शंभरावर साठ. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो आणि पावती द्यावी लागते. ती मागावी.

धम्मदानाचे म्हणाल तर १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला मागितला होता. १८,००० वर तो ९०० होतो. डोक्यावर कर्ज असेल तर आज ३०० द्या, कर्ज फिटले की विसाव्या भागापर्यंत या.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अनुयायांच्या घरात रुपयाचा हिशेब नसावा, हे शोभत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचा हिशेब नेहमी दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेला. आता वही आपली आणि लेखणीही आपली.

स्वाध्याय

१. दीघजाणूला सांगितलेल्या चार गोष्टी घरातील सर्वांना समजावून सांगा.
२. आपल्या घराच्या तळ्याला पाणी जाण्याच्या वाटा कोणत्या, ते एकत्र बसून लिहा.
३. घरावर कर्ज असेल तर त्याचे वर्षाचे व्याज काढा.
४. येत्या पौर्णिमेपासून वही सुरू करा आणि पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर वाचून दाखवा.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जयभीम!