यात्रेसाठी फिरते घर : ट्रकवरील निवासी वाहन बांधताना



आषाढी वारीत दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो. राहुट्या, भांडीकुंडी, शिधा व वळकट्या त्यातून जातात. वारकरी पायी चालतात आणि मुक्कामी राहुटीत विसावतात. अलीकडे काही कुटुंबे याहून निराळा विचार करतात. ट्रकच्या चासीवर निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली खोली बांधावी आणि तिच्यातून बदरीनाथ, रामेश्वर अशी दूरची यात्रा करावी, असा त्यांचा मानस असतो. अशा यात्रेकरूंसाठी काही मूलभूत माहिती येथे देत आहोत. घर एका जागी उभे असते. हे घर मात्र वळणावर कलते व खड्ड्यात पिळवटते, हे आधी ध्यानी घ्यावे.

१. वजन : एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. दोनशे लिटरची टाकी, प्रत्येकी सुमारे ६५ किलो वजनाची चार माणसे आणि प्रत्येकी सुमारे ३० किलोच्या दोन बॅटऱ्या धरल्या, तर एकही फळी ठोकण्यापूर्वी ५२० किलो भार होतो. वाहनाच्या नोंदणीपुस्तकात कमाल एकूण वजन दिलेले असते. सर्व सामान, पाणी व माणसे यांसह वाहन वजनकाट्यावर नेऊन त्या मर्यादेची खातरजमा करावी. पुढील व मागील आसांवरील भारही वेगवेगळा पाहावा. टाकी व बॅटऱ्या शक्य तितक्या खाली, दोन्ही आसांच्या मध्ये बसवाव्यात. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस लोटले जाते. म्हणून टाकीत छिद्रे असलेले आडवे पडदे असावेत.

२. बांधणी : खडबडीत रस्त्यावर ट्रकची चासी पिळवटते. खोली तिच्यावर घट्ट जखडली, तर भिंतींचे सांधे उकलतात. यास्तव मध्ये स्वतंत्र उपचौकट घालून ती स्प्रिंगच्या किंवा फिरत्या आधारांवर बसवितात, म्हणजे चासीचा पीळ खोलीपर्यंत पोहोचत नाही. चासीला मनाप्रमाणे भोके पाडू नयेत वा वेल्डिंग करू नये. उष्णतेने पोलाद कमकुवत होते.

३. वीज : बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२०० वॉट-तास वीज मावते, बॅटरी टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरावी. पाच वॉटचे चार दिवे पाच तास आणि पंचवीस वॉटचे दोन पंखे आठ तास चालविले, तर ५०० वॉट-तास खर्च होतात. त्यामुळे अशा एका बॅटरीवर विजेच्या शेगडीची भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक तारेस योग्य क्षमतेचा फ्यूज बॅटरीलगतच लावावा.

४. अग्नी : दिनांक २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या यात्रेकरूंच्या उभ्या रेल्वेडब्यास आग लागून नऊ जणांचा अंत झाला. डब्यात नियमबाह्यरीत्या गॅस सिलिंडर आणलेला होता. तो रेल्वेचा डबा होता. तथापि बंद जागेतील विस्तवाचा धोका फिरत्या घरातही तोच आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतील खोलीपासून पूर्णपणे बंद, बाहेरूनच उघडणारा व तळाशी हवा जाण्यास वाट असलेला हवा. थंडीत उबेसाठी कोळशाची शेगडी आत कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागाही होत नाही. दाराशिवाय बाहेर पडण्याइतकी मोठी दुसरी खिडकी आणि दाराशेजारी अग्निशामक असणे अनिवार्य समजावे.

५. कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. जुना मालट्रक घेऊन गॅरेजमध्ये खोली चढविण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. निवासी वाहनांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वाहन चालू असताना कोणीही बिछान्यावर निजू नये. प्रत्येकास पट्ट्यासह आसन असावे.

दिंडीची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. चूल मुक्कामी पेटते, ती राहुटीबाहेर मोकळ्यावर. फिरत्या घरातही खोली निजण्यासाठी ठेवावी व स्वयंपाक वाहन थांबवून, परवानगी असेल तेथे, बाहेर करावा. त्यामुळे वजन घटते, खर्च वाचतो आणि सर्वांत मोठे भय टळते.

घरातून निघालेली सर्व माणसे सुखरूप घरी परतणे, हीच यात्रेची खरी सांगता होय. आपला प्रवास निर्विघ्न होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.