चावणारी गिटार

चिपळूण, शुक्रवार

चि. निखिल,


काल रात्री सुमीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "दादा, निखिलने जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतलीय. वाजवताना कधीकधी चावते म्हणतो. काळजीचं काही नाही ना?" तू तिला हे हसत हसत सांगितलंस म्हणे. वर असंही कळलं की तुझ्या कुणा मित्राने उपाय काढलाय: गिटारच्या पाठीतली एक काळी वायर कापली की चावणं बंद. रविवारी कापायचा बेत आहे.

कापू नकोस. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाचलंस तरी चालेल. आणि मी येईपर्यंत गिटारचा अँप प्लगला लावू नकोस. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतोस आणि नंतर तुला हवं तेच करतोस. अकरावीला सायन्स घेताना सगळ्यांनी पाहिलंय.

अरे, ज्याच्या मामाचा उभा जन्म वीज मंडळात खांबावर चढण्यात गेला, त्याने शॉकचा इलाज गिटारवाल्या मित्राला विचारावा? असो.

चावते ती गिटार नव्हे. तिच्यातला पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्यात व्होल्टाचा काही अंश तयार होतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. चावतो तो अँप, आणि त्याच्याही मागे तुझ्या खोलीतला तो बोर्ड. पेठेतला जुना वाडा, त्यात भाड्याची खोली, आणि वायरिंग मालकाच्या वडिलांच्या काळातलं. तुला सामान लावायला आलो होतो तेव्हाच तो काळा टू-पिन सॉकेट बघितला होता. त्यावर तू अडॅप्टर लावून तीन पिनांचा अँप चालवतोस, हो ना?

आता त्या काळ्या वायरचं ऐक. तुझी गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची आहे, फोटो बघितला मी. पाठीमागचं प्लास्टिकचं झाकण काढलंस की आत स्प्रिंगा दिसतील. त्या एका धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात, आणि ती वायर तिथेच सोल्डर केलेली असते. तिच्यामुळे स्प्रिंगा आणि ब्रिज यांच्यामार्फत तारा जॅकला जोडल्या जातात. जॅकवरून केबलच्या बाहेरच्या जाळीतून अँपच्या पत्र्याला, आणि पत्र्यावरून तिसऱ्या पिनेने जमिनीत. तारांवर हात ठेवला की घूंऽऽ आवाज कमी होतो ना, तो याच वायरमुळे. तिसरी पिनच कुठे पोचत नसेल तर पत्र्यावर झिरपलेला करंट जाणार कुठे? त्याच वाटेने उलटा तुझ्या बोटांत येणार.

वायर कापलीस की तारा चावायच्या थांबतील, पत्रा मात्र तसाच राहील. केबलचं टोक, जॅकची चकचकीत पट्टी, अँपचे स्क्रू, सगळं चावायला तयारच. घूं आवाज वाढेल तो निराळा. ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार.

आवाज आणि शॉक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. घूं आवाज आपल्या 50 सायकलच्या विजेचा. एकेरी पिकअप तो आसपासच्या वायरी-ट्रान्सफॉर्मरमधून ओढून घेतो. त्यावर उपाय म्हणूनच 1955 साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून हंबकर काढला. तुझ्या गिटारला एकेरी पिकअप आहेत, थोडा आवाज राहणारच. आतल्या खाचेला तांब्याची पट्टी चिकटवली की बराच कमी होतो. ते आपण निवांत करू.

मी लग्नाआधी ऑर्केस्ट्राबरोबर फिरायचो हे तुला ठाऊक आहे. एक गोष्ट सुमीलाही कधी सांगितली नाही, ती तुला सांगतो. दापोलीकडच्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम होता. वीज आकडा टाकून घेतलेली, पावसाने स्टेजवरची सतरंजी ओली. आमचा गिटारवाला दुसऱ्या ओळीला साथ द्यायला माइककडे वाकला आणि त्याचा ओठ माइकला लागला. टक्क करून निळी ठिणगी उडाली. माइक एका लायनीवर, गिटार दुसऱ्या, आणि मधे तो. डावी मूठ गिटारच्या गळ्यावर आवळलेली, सुटेना. मी धावत जाऊन मेन ओढला. ओठ भाजण्यावर निभावलं. पब्लिकला वाटलं, लाइट गेली. शिट्ट्या मारत होते.

सगळ्यांचंच निभावत नाही. स्टोन द क्रोज नावाच्या ब्रिटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 साली स्वॉन्झीत स्टेजवरच गेला, माइकला हात लागून. यार्डबर्ड्सचा कीथ रेल्फ 1976 साली घरात गिटार वाजवताना गेला. अर्थिंग धड नव्हतं. घरात, निखिल. तुझ्यासारखाच.

त्या आमच्या गिटारवाल्याने नंतर मला म्हटलं होतं, "ये रे घरी, तुला शिकवतो." बोटीवरच्या कुणाकडून घेतलेली त्याची विलायती गिटार होती. तेव्हा तशा गिटारी दुकानांतून सहज मिळत नसत. 'हरे रामा हरे कृष्णा'मधली भूपिंदर यांची गिटार ऐकून आम्ही सगळेच वेडे झालो होतो. मी गेलो नाही. बोटं जाड आहेत असं सांगून टाळलं. खरं म्हणजे तुझ्या आजोबांना विचारायची छाती झाली नाही. पुढे कितीतरी जणांच्या गिटारींचे जॅक सोल्डर करून दिले, तारा छेडून चालू झाली की परत केल्या. एक गाणं म्हणून कधी वाजवलं नाही. स्ट्रॅटोकास्टर 1954 साली बाजारात आणणारा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्यालाही गिटार वाजवता येत नव्हती, हे वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. पण त्याच्या नावाची निदान कंपनी तरी झाली.

पुन्हा त्या बोर्डावर येतो. मालकाच्या ओळखीचा वायरमन येईल, तीन पिनांचा सॉकेट लावेल आणि त्यातली अर्थची पिन न्यूट्रलला जोडून "झालं काम" म्हणेल. करू देऊ नकोस. मागे कुठे न्यूट्रल तुटली की सगळा पत्रा फेजवर येतो. नळाच्या पाइपलाही नको, हल्ली मधे कुठेतरी प्लास्टिक असतंच. मीटरजवळ खरं अर्थिंग आहे का ते मी स्वतः बघेन. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने 230 च्या आसपास दाखवलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोनचार व्होल्ट. शिवाय करंट गळू लागला की लाइन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवू. मालक कुरकुरले तर खर्च माझा.

आता गिटारबद्दल. बोललो खूप, पण निवड चांगली केलीस. सुमी म्हणाली, रंग उडालाय, फसवलं पोराला. मला तसं वाटत नाही. उजवा हात टेकतो तिथे लाकूड उघडं पडलंय, पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या खाचा दिसतात. म्हणजे आधीच्या मालकाने ती खुंटीला टांगून ठेवली नव्हती, वाजवली होती. जुनी असून कोरी करकरीत दिसणारी गिटार मला संशयास्पद वाटते.

नेक बघून ठेव. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे दाबून धर. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. जास्त फट असेल तर नेकमधला ट्रस रॉड आवळावा लागेल, एका वेळी पाव फेराच, मग एक रात्र तसाच ठेवायचा. जोर लावायचा नाही. खाचा पडलेल्या फ्रेटना हात लावू नकोस, ते माणूस शोधून करून घेऊ. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरत असेल तर तपकीर गल्लीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा मिळेल. खोबरेल घालू नकोस, तुझ्या आजीने रेडिओत घातलं होतं. आणि स्प्रिंगांच्या त्या पट्टीवरचं सोल्डर सुटलेलं दिसलं तरी 25 वॅटच्या आयर्नने प्रयत्न करू नकोस. पट्टी सगळी उष्णता खाते आणि सोल्डर वरवर चिकटून राहतं. माझं मोठं आयर्न घेऊन येतो.

पुढच्या शनिवारच्या एसटीने निघतो. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, वाडा सापडतो मला. मामी कुळथाचं पीठ देणार आहे. पिठलं तुला जमतं की नाही माहीत नाही, मी करीन. सुमीला काही सांगू नकोस. मी तिला "काळजीचं काही नाही" असं सांगून ठेवलंय.

तोवर गिटार अजिबात वाजवू नकोस असं म्हणत नाही. अँपला न जोडता वाजव. बारीक वाजते, पण वाजते. 'हरे रामा हरे कृष्णा'मधली भूपिंदरची ती सुरुवात येते का बघ. आली तर रात्री नऊनंतर फोन कर आणि गिटारजवळ धर. मामीला टीव्ही बंद करायला सांगीन.

तुझा,
मामा