बेल्ट पाचशेचा, बिल तीन हजारांचं

उरवड्याहून पिरंगुटच्या कंपनीत किंवा घाट चढून भूगाव, चांदणी चौकमार्गे कोथरूडला तुम्ही रोज गिअरलेस गाडीवर जात असाल, मागे माणूस आणि पुढे पेंडेचं पोतं किंवा दुधाची किटली असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेतला बेल्टचा आकडा तुमच्यासाठी नाही. ११०–१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना बेल्ट बदलायला २०,००० ते २५,००० किलोमीटर सांगतात. तो हिशेब साध्या वापराचा. घाट, ओझं आणि मुळशीचा पाऊस धरून चाला. १२,०००च्या पुढे दर सर्व्हिसिंगला डावीकडचं कव्हर उघडून बेल्ट बघायला सांगा.

आधी लक्षणं ओळखा, कारण त्यावरच खर्च ठरतो. उभ्या गाडीला रेस देताना थरथर होते आणि दोन-चार फुटांनंतर थांबते: बहुधा क्लच शू किंवा तो ज्यावर घासतो ते आउटर. रेस वाढते पण गाडी चढाला ओढत नाही: बेल्ट किंवा क्लच शू, कव्हर उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. सपाट रस्त्यावर पूर्वीचा वेग मिळत नाही, मध्येच झटका बसतो: चपटे झालेले रोलर किंवा झिजून अरुंद झालेला बेल्ट. घाटात रबर जळल्याचा वास आला तर पुढचा आठवडा उजाडायची वाट बघू नका.

कुठे जायचं? बेल्ट-रोलरचं काम गावातला चांगला मेकॅनिक तासाभरात करतो. क्लच असेल तर दीड-दोन तास धरा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काम तेवढंच, पण रांगेमुळे अर्धा दिवस जातो. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर गाडी लावा. पार्ट स्वतः आणायचा असेल तर पुण्यात नाना पेठेत पर्याय भरपूर. जाताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांचे बेल्ट वेगळे असू शकतात. सर्व्हिस सेंटरला आरसीची प्रत आणि सर्व्हिस बुक पुरेसं. जॉब कार्डवर किलोमीटरचा आकडा आणि अंदाजे खर्च लिहिल्याशिवाय सही करू नका.

आता दर. ११०–१२५ सीसीसाठी ढोबळ अंदाज: कंपनीचा बेल्ट ४०० ते ८०० रुपये, सहा रोलरचा संच १५० ते ४००, स्लायडर शंभरच्या आत-बाहेर, क्लच शू ६०० ते १,३००, क्लच आउटर ४०० ते ८००. मजुरी गावात २०० ते ४००, सर्व्हिस सेंटरला ३०० ते ६००. म्हणजे नुसतं बेल्ट-रोलरचं काम सहसा हजार-दीड हजारात बसतं. बिल अडीच-तीन हजारांवर गेलं, तर क्लचही बदललाय किंवा कुणीतरी तुम्हाला ‘पूर्ण किट’ विकलंय.

या किटपासून सांभाळा. ‘आता उघडलंच आहे तर सगळंच टाकू’ हे वाक्य कानावर पडलं की प्रत्येक पार्ट दाखवायला सांगा. बेल्टला आतल्या दात्यांपाशी भेगा, सुटलेले धागे, कव्हरमध्ये काळी रबराची पूड: बदला. रुंदी व्हर्नियरने मोजून घ्या, नवी किती आणि कमीत कमी किती चालते हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. रोलर बोटांत फिरवून बघा, एक बाजू चपटी लागली तर पूर्ण संच बदला, एकटा-दुकटा नको. आउटर निळसर पडलं असेल तर ते तापलंय. क्लच शू नुसता गुळगुळीत होऊन चमकत असेल तर पॉलिश पेपर मारून काही महिने निघतात, पण अस्तर संपलं असेल तर घासून उपयोग नाही.

एक गोष्ट काम चालू असताना उभं राहूनच बघा. पुढच्या पुलीचा नट सोडवायला होल्डर लागतो. तो नसला की काही जण पंख्याच्या पात्यांत पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर अडकवतात. पातं तुटतं, त्या वेळी कुणी बोलत नाही आणि पुढच्या वेळी ‘पुली गेली’ म्हणून बिल येतं. व्हेरिएटरमध्ये, म्हणजे रोलर बसतात त्या पुढच्या पुलीत, ग्रीस थापलं तर ते उडून बेल्टवर येतं आणि नवा बेल्ट घसरू लागतो.

बिलात बघायच्या ओळी: क्लीनिंग चार्ज, कन्झ्युमेबल्स, पिकअप-ड्रॉप. न मागितलेली ओळ खोडायला सांगा. पाकिटावरच्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, त्यावर पुन्हा १८ टक्के लावता येत नाहीत. मजुरीवर मात्र जीएसटी लागू शकतो. जुने पार्ट मागून घ्या, घरी आणून फेकले तरी चालतील. वॉरंटीचा भरवसा धरू नका, बेल्ट आणि क्लच शू झिजणारे पार्ट म्हणून सहसा त्यातून वगळलेले असतात. नुसत्या झिजेसाठी विमाही नाही.

पैसे न लागणारा उपाय: चढावर कोंडीत गाडी रेसवर तोलून धरू नका, ब्रेक धरा. क्लच त्या दोन मिनिटांत जेवढा जळतो तेवढा दिवसभरात जळत नाही. वॉशिंगला डाव्या कव्हरच्या हवेच्या वाटेवर प्रेशर मारू देऊ नका. रस्त्यावरच्या पाण्यातून गेल्यावर बेल्ट घसरला, तर रेस ताणू नका. थांबा, सुकू द्या. बेल्ट तुटलाच तर स्टार्टर मारत बसू नका. गाडी ढकलता येते का बघा, चाक अडकत असेल तर टेम्पो बोलवा आणि भाडं आधी ठरवा.

फार्महाऊसवर एटीव्ही असेल तर मोठ्या गाड्यांत यंत्रणा हीच, पण बेल्ट स्कूटरच्या कितीतरी पट महाग. ओझं ओढताना, चढावर, हळू चालताना ‘लो’ गिअरच टाका. लहान, मुलांच्या गाड्या बऱ्याचदा चेनवर चालतात, त्यांना बेल्टच नसतो. रिसॉर्टवर भाड्याने घेणार असाल तर बसण्याआधी विचारा: बेल्ट तुटला तर डिपॉझिटमधून कापणार का? उत्तर कागदावर घ्या, गाडीचा व्हिडिओ काढा.

वाद झाला तर आधी दुकानदाराला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बिल द्यायला नकार हीसुद्धा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. तरी नाही मिटलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत बिल, जॉब कार्ड, जुन्या पार्टचे फोटो आणि तुमच्या लेखी तक्रारीची प्रत जोडा.